आधी सांगा, रेंज धरतो का?

मागच्या आठवड्यात बागमांडल्याच्या जेट्टीवर वेश्वीच्या फेरीची वाट बघत उभा होतो. तिथे ओळखीचे एक भाऊ भेटले. छोटी होडी आहे त्यांची, मासेमारी करतात. खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज. म्हणाले, "पत्रकार, पंधरा हजारापर्यंत कुठला घेऊ? पोरगी अकरावीला आहे. बायकोचं केवायसी अडलंय. यूट्यूबवर दहा जण बघितले, दहाही जण म्हणतात ओव्हरऑल चांगला आहे. ओव्हरऑल म्हणजे नक्की काय हो?"

मी दोन-तीन नावं सांगून मोकळा झालो असतो. पण वीस-बावीस वर्षं श्रीवर्धन तालुक्याच्या बातम्या देतोय, आणि या किनाऱ्यावर कुठला फोन टिकला, कुठला वाहून गेला हे बघत आलोय. फोन तपासायची हरिहरेश्वरची एक स्वतःची पद्धत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून आज लिहितो. पोस्ट लांबणार आहे. फेरीची वाट बघत असाल तर बरं.

सुरुवात एसटीडी बूथपासून करू. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, आत काचेची खोली आणि लाल आकडे पळवणारं मीटर. गावातली निम्मी माणसं मुंबईत, त्यामुळे रात्री दर उतरला की बूथवर रांग लागायची. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा-सोळा रुपये दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच सुरू झाले. आपल्याकडे त्या फोनचं दर्शन व्हायचं ते गणपतीत, एखाद्या चाकरमान्याच्या कमरेला. दर्शनच फक्त, कारण इथे टॉवर नव्हता.

टॉवर आले तेव्हा दुसरीच गंमत. मुंबई आणि महाराष्ट्र ही दूरसंचार खात्याच्या हिशेबात दोन वेगळी सर्कल. म्हणजे मुंबईचा नंबर घेऊन गावी आलेला माणूस आपल्याच घरात रोमिंगवर. कितीतरी चाकरमानी आठ दिवस फोन बंद ठेवायचे आणि बूथवर जाऊन मुंबईला फोन लावायचे. हातात दहा हजाराचा फोन आणि रांगेत आमच्या पुढे उभे. तेव्हा हसायचो आम्ही.

खरा मोबाईल आला तो २००३ मध्ये. १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि फोन न्या अशी योजना काढली. आणि त्याच वर्षी नोकिया ११०० आला. जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेलेला हा फोन तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात कुठल्यातरी डब्यात अजून असेल. त्याची परीक्षा आपल्या गावाने कशी घेतली ते आठवा. टॉर्च आहे का? रात्री वाडीतून येताना पायाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. बटणांवर एकसंध रबराचं आवरण होतं, त्यातून वाळू आत जात नव्हती. एकदा चार्ज केला की भारनियमनातही चार दिवस निघायचे. पडला तर तीन तुकडे व्हायचे, पुन्हा जोडले की चालू. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने काही बॅटऱ्या तापतात म्हणून बदलून द्यायचं जाहीर केलं, तेव्हा अख्खं गाव फोनची पाठ उघडून बीएल-५सी वरचे नंबर वाचत बसलेलं मला आठवतंय. बॅटरीवर नाव कुठलं आहे हे बघायची सवय तिथून लागली.

मात्र सगळ्यात मोठा पेपर होता रेंजचा. हरिहरेश्वराच्या देवळामागून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलात की डोंगराच्या फटीतल्या पायऱ्या उतरून खाली खडकावर येता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. तिथे ज्याच्या फोनवर एक काडी तरी राहते तो फोन चांगला, बाकीचे डबे. ही परीक्षा मी स्वतः प्रत्येक फोनवर घेतलीय आणि भल्याभल्या महागड्या फोनांना तिथे नापास होताना बघितलंय.

मधला काळ चायना मोबाईलचा. म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातली बरीच माणसं आखातात कामाला, त्यामुळे दुबई-कुवेतहून येणाऱ्या सामानात फोन असायचाच. तो पक्का माल. पण बाजारात दोन-अडीच हजारात मिळायचे ते दुसरेच. दोन सिम, लाऊडस्पीकर असा की होडीवर इंजिन चालू असताना गाणं ऐकू यावं. १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा बंद झाली आणि यातले कितीतरी एका रात्रीत मुके झाले. गरीब माणसाने आपल्या पैशाने घेतलेली वस्तू, दोष त्याचा नाही, पण भुर्दंड त्यालाच. हा प्रकार पुढे वेगवेगळ्या रूपात परत परत आलेला दिसेल.

"मधल्या किमतीचा चांगला फोन" ही कल्पनाच मुळात २०१४ ची. त्याआधी दोनच जाती होत्या. एक साहेबांचा, तीस हजाराच्या पुढचा. दुसरा आपला, सहा-सात हजाराचा, हात लावला की विचार करत बसणारा. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी भारतात आला, १२,४९९ पासून पुढे. जुलैत शाओमीचा मी ३ आला १३,९९९ ला. सप्टेंबरमध्ये गूगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसला बरोबर घेऊन सहा-साडेसहा हजाराचे अँड्रॉइड वन फोन काढले. हे फोन मुख्यतः ऑनलाइन विकले जायचे. मी मोटो जी मुंबईतल्या चुलतभावाच्या पत्त्यावर मागवला आणि तो एसटीने येताना घेऊन आला. आजच्या हिशेबात खेळणंच, १ जीबी रॅम. पण त्या फोनवर मी पहिल्यांदा मराठीत बातमी टाइप केली, फोटो जोडला आणि तिथूनच पाठवली. आधी बातमी द्यायला श्रीवर्धन गाठावं लागे. आता समुद्रावर बसून बातमी देता येत होती, अर्थात रेंज असली तर.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि अगदी नव्या फोनांचीही पंचाईत झाली. जिओचं जाळं फक्त ४जीचं. ज्यांनी दीड-दोन वर्षांपूर्वी हौसेने ३जीचा फोन घेतला होता त्यांना ते सिम चालेना. ४जी होता पण व्होल्टी नव्हतं त्यांना बोलण्यासाठी वेगळं अ‍ॅप टाकावं लागे. फोन धडधाकट, पण जग बदललं म्हणून जुना. दोन महिन्यांनी नोटाबंदी, त्यानंतर यूपीआय. देवळाबाहेर नारळ-फुलं विकणाऱ्या मावशींकडेही क्यूआर कोड आला. २०१७ मध्ये दहा ते तेरा हजारातला रेडमी नोट ४ इतका खपला की एसटीत कुणाचाही फोन वाजला तर चार जण खिसा चाचपायचे. ४१०० ची बॅटरी, हे त्याचं खरं कारण. कॅमेऱ्याचं कौतुक शहरात झालं. आपल्याकडे लोकांनी बॅटरीला मत दिलं.

आता ३ जून २०२०.

निसर्ग वादळ दुपारी किनाऱ्याला धडकलं. त्या दिवसाचं वर्णन तुम्हाला सांगायला नको, प्रत्येकाकडे आपापलं आहे. माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, खांब मोडले. मी सांगतो ते फक्त फोनाबद्दल. संध्याकाळपर्यंत टॉवर गेले. वीज तर आधीच गेलेली, ती काही ठिकाणी परत यायला कित्येक आठवडे लागले. लॉकडाऊनमुळे मुंबईची माणसं मुंबईत अडकलेली, आणि इकडे आईबाप आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही. माझ्या हातात सोळा हजाराचा फोन होता, फोटो उत्तम येत होते, पाठवायला काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून, रस्त्यातली झाडं ओलांडत, म्हसळ्याच्या दिशेने रेंज मिळेपर्यंत गेलो. खिशात शेजारच्या अकरा घरांचे नंबर लिहिलेला कागद. एक काडी आली तिथे थांबून एकेकाला फोन लावला. "घर गेलंय, पण माणसं आहेत." एवढंच बोलायचो आणि पुढचा नंबर. बॅटरी सतरा टक्के. त्या दिवसापासून माझ्यासाठी बॅटरी हा चैनीचा मुद्दा राहिला नाही.

त्या दिवसांत बातम्या कुठून कळत होत्या? आमच्या आळीत एका आजोबांच्या बटणाच्या फोनवर एफएम होतं. इयरफोनची वायर लावली की तीच अँटेना. इंटरनेट नको, टॉवर नको. संध्याकाळी दहा-बारा माणसं त्या फोनाभोवती. माझ्या सोळा हजाराच्या फोनमध्ये रेडिओ नव्हताच. पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने कंपन्यांना सांगितलं की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नका, आपत्तीत उपयोगी पडते. त्याच वर्षी धोक्याच्या सूचनेची चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले आणि बाजारात घबराट झाली, आठवतं? ती सूचना टॉवर चालू असेपर्यंतच येते. वादळाआधी फार उपयोगाची. वादळानंतर मात्र आजोबांचा रेडिओच.

आता माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान. अंगणवाडीच्या फोनचं.

२०१९ च्या सुमारास पोषण अभियानात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने स्मार्टफोन दिले. एक लाखाहून जास्त फोन, २ जीबी रॅमचे. कागदावर योजना छान. मुलांची वजनं, उंची, गरोदर बायकांची नोंद, सगळं फोनवर. आमची वहिनी सेविका आहे. तिचा फोन उन्हाळ्यात तव्यासारखा तापायचा. नोंद अर्ध्यावर आली की गोल चक्र फिरत बसायचं. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं नवं अ‍ॅप आलं. आधीच भरलेला फोन, त्यात हे, आणि भाषा इंग्रजी. वीस वर्षं मराठीत रजिस्टर लिहिलेल्या बाईने इंग्रजीत काय भरायचं? मग ती रात्री आपल्या पोराच्या फोनवर नोंदी करायची, स्वतःच्या रिचार्जवर. पोराची ऑनलाइन शाळा त्याच फोनवर चालायची. दोघांची भांडणं मी ऐकलीत.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी एक काम केलं जे कुठल्याही यूट्यूबवाल्याने केलं नसतं. त्यांनी ते फोन सरकारला परत केले. जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढून, कार्यालयात टेबलावर फोनांचे ढीग लावून. माझ्या माहितीत स्वस्त फोनचं इतकं मोठं, इतकं प्रामाणिक मूल्यमापन महाराष्ट्रात दुसरं झालेलं नाही. लाखभर बायकांनी दोन वर्षं रोज वापरून दिलेला निकाल होता तो. आणि काही साहेब म्हणाले, बायकांना टेक्नॉलॉजी जमत नाही! २०२३ च्या वाढीआधी सेविकेचं मानधन होतं ८,३२५ रुपये. कामाला पुरेल असा फोन तेव्हा दहा-बारा हजाराचा. म्हणजे सव्वा महिन्याचं मानधन. तो तिने घ्यायचा, की सरकारने द्यायचा, की दिलाय म्हणायचं आणि चालत नसेल तर तिची चूक काढायची?

मी तेव्हा बातमी दिली होती ती "आंदोलन" म्हणून. चार इंच. फोनमध्ये नेमकं काय कमी आहे, किती जागा उरते, अ‍ॅप किती घेतं, हे मी विचारलंच नाही. आज ते राहून गेल्यासारखं वाटतं.

कारण त्यानंतर फोनाशिवाय काहीच होईनासं झालं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी. शेतकऱ्याने आपल्या वाडीत उभं राहून फोटो काढायचा, फोनने जागा ओळखायची, तेव्हा सातबाऱ्यावर पीक. सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणींचं ई-केवायसी, त्यात बाईच्या आधारचा ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचाही. भाऊंच्या बायकोचं अडलं ते इथेच. नवरा होडीवर, त्याच्या फोनला रेंज नाही, ओटीपीची मुदत संपते. यात फोनचा दोष किती आणि फोनवर सगळं टाकणाऱ्यांचा किती, हे तुम्हीच बघा. रेशनकार्ड सरकार देतं. त्याच्याइतकाच आवश्यक झालेला फोन मात्र आपण बाजारातून घ्यायचा, वर १८ टक्के जीएसटी भरून. १ एप्रिल २०२० ला तो १२ वरून १८ केला. सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा २८ वरून १८ वर आला, मोबाईलचा होता तिथेच राहिला. पंधरा हजाराच्या फोनमध्ये जवळपास २,२८८ रुपये कराचे. होडीवाल्याचे किती दिवस झाले ते त्यालाच माहीत.

कॅमेऱ्याबद्दल एकच. १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, आपल्या किनाऱ्याला ती बोट लागली, आत तीन एके-४७. तुम्ही सगळ्यांनी ते व्हिडिओ बघितलेत. ते गावकऱ्यांच्या साध्या फोनांवर काढलेले होते आणि देशभर दिसले. माझ्या फोनवर लिहिलं होतं ६४ मेगापिक्सेल. लांबून झूम केल्यावर बोटीच्या जागी धुरकट ठिपका. मेगापिक्सेलच्या आकड्यावर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

तर भाऊंना मी काय सांगितलं. ब्रँड सांगितला नाही, कारण मॉडेल सहा महिन्यांत बदलतं आणि ही पोस्ट वर्षभराने कुणीतरी वाचेल. पहिलं, खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर बँड बघा. कमी फ्रिक्वेन्सीची लाट लांब जाते आणि भिंती-डोंगरांना जास्त दाद देत नाही, जास्त फ्रिक्वेन्सीची वेगवान पण जवळची. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने घेतला. जिओचं सिम असेल तर फोन ५जी आहे एवढं पुरत नाही, त्यात एन२८ हा बँड आहे का बघायचं. दुसरं सिम कुठल्याही दुसऱ्या कंपनीचं ठेवा, कारण खाडीवर कधी या काठाचा टॉवर लागतो, कधी बाणकोटच्या बाजूचा.

बॅटरी ५००० च्या खाली घेऊ नका. रॅम खरी ६ जीबी, आणि शक्य असेल तर ८. जाहिरातीत "अधिक ८" असं लिहितात ती रॅम नव्हे, स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. वहिनीच्या फोनचं दुखणं हेच होतं. अँड्रॉइडचे अपडेट किती वर्षं देणार ते विचारा. दुकानदार सांगत नसेल तर पोरीला शोधायला सांगा, तिला दोन मिनिटं लागतील. अपडेट थांबले की एक दिवस बँकेचं अ‍ॅप उघडत नाही.

पाण्याचं सांगताना मी जरा आवाज चढवला. आयपी६४ म्हणजे शिंतोडे, आयपी६८ म्हणजे पाण्यात बुडवून तपासलेला. पण ती तपासणी गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्याची हमी कुणी देत नाही, आणि पाणी गेलेल्या फोनला वॉरंटीत बहुतेक ठिकाणी हात लावत नाहीत. २०१८ मध्ये एका कंपनीचा फोन मी याच भरवशावर घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात चार्जिंग बंद. सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या मारल्या, उत्तर मिळालं "लिक्विड डॅमेज". शेवटी श्रीवर्धनच्या बाजारातल्या मुलाने दीडशे रुपयात भोक साफ करून दिलं. म्हणून, ज्या फोनची काच आणि बॅटरी श्रीवर्धनला मिळते तोच घ्या. दोन हजार वाचवण्यासाठी अनोळखी कंपनीचा घेतलात तर काचेसाठी पनवेलला जाल.

शेवटचं म्हणजे आपली जुनी परीक्षा. दुकानात सीलबंद खोकं उघडून देत नाहीत. पण तेच मॉडेल गावात कुणाकडे तरी असतंच. आपलं सिम त्यात घालायचं आणि देवळामागे पायऱ्या उतरून जायचं.

परवा रात्री भाऊंचा व्हॉट्सअ‍ॅप आला. फोटो होता खडकावरून काढलेला, मागे समुद्र, वर कोपऱ्यात दोन काड्या. फोन भाच्याचा होता. खाली लिहिलं होतं, "हाच घेतो. ४०० रुपये जास्त आहेत पंधराच्या वर. बायको म्हणते माझा ओटीपी आधी काढा मग पोरीला द्या."